पुतण्यासाठी ऑल्टो ट्रॉम्बोन घ्यावा का? (सोलापूर)

पितळी_काका: नमस्कार मंडळी. पुतण्या ११ वर्षांचा. अशोक चौकातून वरात गेली की ताट टाकून गच्चीवर पळतो. आता ट्रॉम्बोनच (नळी पुढं-मागं सरकवून वाजवायचं पितळी वाद्य) शिकायचा म्हणतोय. माझा जुना टेनर, म्हणजे नेहमीच्या मापाचा ट्रॉम्बोन, हातात दिला. बी फ्लॅटची पहिलीच स्केल, त्यात दुसराच स्वर सी, तो सहाव्या पोझिशनला (सरकती नळी, म्हणजे स्लाइड, थांबवायची सहावी जागा, पार लांब). पोरगं खांदा पुढं काढतं, मान वाकडी करतं, तरी स्लाइडला हात पुरत नाही. एकाने सुचवलं, ऑल्टो घ्या, लहान असतो. घेऊ का? पुढं बँडमध्ये चालेल का?

स्लाइडवाला: काका, घाई नको. ऑल्टो म्हणजे पोरांचा टेनर नव्हे. टेनरचा मूळ सूर बी फ्लॅट, नळी साधारण ९ फूट. ऑल्टो ई फ्लॅटचा, पावणेसात फूट. सगळ्या पोझिशन नव्यानं बसवाव्या लागतात. मी एकदा मागून आणला होता. बी फ्लॅट दोन्हींवर पहिल्याच पोझिशनला, त्यामुळं वाटलं, जमलं की! मग वरचा एफ सवयीनं पहिलीतच घेतला. ऑल्टोवर तो तिसरीत. निघाला जी, आणि शेजारचा क्लॅरिनेटवाला वाद्य तोंडातून काढून हसत बसला. शिवाय दोन पोझिशनमधलं अंतर टेनरपेक्षा कमी, तसूभर चुकलं तरी बेसूर.

सुपारी_मास्तर: लग्नाच्या सुपारीत ऑल्टोचं काय काम वो? चाल ट्रम्पेट-क्लॅरिनेटकडं, ट्रॉम्बोननं खालून भरायचं. ऑल्टोचा आवाज बारीक, साइड ड्रम आणि ढोल सुरू झाले की नवी पेठेत तो वाजवणाऱ्याला सुद्धा ऐकू यायचा नाही. आपल्याकडं सगळे कानावर वाजवतात, ऑल्टो क्लेफ (ऑल्टोचे स्वर कागदावर लिहायची पद्धत) वाचणारा शोधून सापडणार नाही.

क्वायरची_ताई: मास्तर, रस्त्यावरचं खरं, पण बंद हॉलमध्ये हाच बारीक आवाज कामाला येतो. गाणाऱ्यांना न झाकता त्यांच्यात मिसळतो. मोझार्टच्या रिक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) क्वायरच्या, म्हणजे समूहगायकांच्या, ऑल्टो, टेनर, बास आवाजांना तीन ट्रॉम्बोन साथ देतात, त्यातला वरचा हा. बेथोवेननं १८०८ च्या पाचव्या सिंफनीतही शेवटच्या भागात हेच तिघं घेतले. शुमनची तिसरी सिंफनी तर कठीणच: तीन भाग गप्प बसायचं आणि चौथ्यात थंड ओठांनी एकदम उंच स्वर, तेही हळू आवाजात. ११ वर्षांच्या मुलाच्या ओठांचं हे काम नाही.

स्लाइडवाला: ताईंशी सहमत. काका, एफ ट्रिगरचा टेनर बघा. डाव्या अंगठ्यानं व्हॉल्व दाबला की तो सी पहिल्याच पोझिशनला येतो. वजन मात्र डाव्या हातावर पडतं, तेव्हा सुरुवातीला बसूनच, दहा-दहा मिनिटं. प्लॅस्टिकचा घेणार असाल तर विचारून घ्या, पीबोन मिनी ई फ्लॅटचा असतो, म्हणजे परत ऑल्टोच. आणि स्लाइड रोज पुसा. आपल्याकडची धूळ आणि मे महिना, तेल टिकत नाही.

पितळी_काका: आभारी आहे. ट्रिगरवाला जुना कुणाकडं असेल तर इथंच कळवा. पुतण्याला विचारलं, तोवर काय करशील? म्हणाला, "सी सोडून वाजवतो."

सुपारी_मास्तर: घेऊन या त्याला रविवारी तालमीला.