कोड दिसतो, पण हक्क मिळतात का?
एखाद्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांना वाचता येतो म्हणजे ते ओपन सोर्स झाले, हे मत मला अपुरे वाटते. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनुसार तो कोड वापरण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वितरित करण्याची मुभा, व्यावसायिक वापरासह, कोणालाही असावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशीकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या, क्लाउड यंत्रणा कोडद्वारे उभारणाऱ्या आपल्या साधनाचा परवाना बदलला, तेव्हा कोड पूर्वीसारखाच उघडा होता. मात्र हाशीकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर उभारण्यास मनाई आली, आणि आधीच्या मोझिला या ओपन सोर्स परवान्याखालील आवृत्ती घेऊन ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प वेगळा निघाला. जुन्या आवृत्त्यांना दिलेली परवानगी कंपनीला मागे घेता आली नाही, हे त्यातले खरे मर्म. परवान्याची फाइलच नसलेला कोड तर, सार्वजनिक ठेवलेला असला तरी, कॉपीराइटखाली राखीवच राहतो. त्यावर मी तरी काही उभारणार नाही.