सिनेमाचा संदेश दोन ओळींत लिहायला सांगू नका

मधलीरांग

मी जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला सहा चित्रपटांवर टिपणं लिहायची होती. टिपणाचा साचा ठरलेला: कथानक, पात्रं, संगीत, तांत्रिक बाजू आणि तळाला 'चित्रपटातून मिळणारा संदेश'. त्यासाठी दोन ओळींची जागा. 'सैराट'साठी मी लिहिलं, 'जातिव्यवस्था माणसाचा बळी घेते.' पूर्ण गुण मिळाले.

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. टीव्हीवर 'सैराट' लागला होता, सगळे मिळून पुन्हा पाहिला. शेवटी आत्या रडली. डोळे पुसत बारावीतल्या मुलीला म्हणाली, "बघितलंस ना? आईबापाला सोडून गेलं की असं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आत्याने सिनेमा अर्धवट पाहिला नव्हता, मन लावून पाहिला होता. मग तिच्या रकान्यात 'पळून जाऊ नये' आणि माझ्या रकान्यात 'जात वाईट', असं कसं? माझं उत्तर बरोबर होतं, पण ते सिनेमा न पाहताही लिहिता आलं असतं. खरं सांगायचं तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी तसंच लिहिलं.

मी सिनेमा परत लावला. या वेळी संदेश शोधायचा नाही, फक्त काय दिसतं आणि काय ऐकू येतं तेवढं वहीत टिपायचं, असं ठरवलं. पहिल्या भागात अजय-अतुल यांचा मोठा वाद्यवृंद. आर्ची बुलेटवर, आर्ची ट्रॅक्टरवर. आपण गाण्यांवर तरंगत असतो. पण त्याच भागात आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो, आणि घरचे त्याला आवरत नाहीत. पहिल्यांदा पाहताना मी हे साफ विसरलो होतो. शेवटी जे घडतं त्याची सगळी तयारी त्या थपडेत होती. मी गाण्यात होतो. आणि शेवट! माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. आर्ची आणि परश्याचा खून दाखवलेला नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आणि रडत घराबाहेर पडताना त्याच्या तळपायांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज पूर्ण बंद. ज्या सिनेमाने दोन-अडीच तास कान भरून टाकले, तो शेवटी आपल्याला एक सूरही देत नाही. लेकराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही.

आत्याला हे दाखवलं असतं तर? 'प्रिन्सला थपडेच्या वेळीच कुणी अडवलं असतं तर?' एवढं विचारता आलं असतं. 'जात वाईट असते' हे वाक्य तिला मीही ऐकवू शकतो आणि तीही मान डोलावेल.

म्हणून माझं म्हणणं असं: विद्यार्थ्यांना सिनेमाचा संदेश लिहायला लावणं बंद करावं. त्याऐवजी एक प्रसंग निवडायला सांगा, आणि तो तसाच का घेतला हे लिहायला सांगा. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा

तुझं निरीक्षण चांगलं आहे, बाळा, निष्कर्ष मात्र पटला नाही. मी २६ वर्षं मराठी शिकवते आहे. कवितेखालीही आम्ही 'मध्यवर्ती कल्पना' लिहून घेतो, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं की त्याने कविता मरते. पण कल्पना एका वाक्यात मांडता आली नाही तर मुलाला ती कळली की नुसती आवडली, हे मी कसं ओळखू? सातवी-आठवीच्या पोराला 'कॅमेरा कुठे ठेवलाय' विचारलं तर तो भिंतीकडे बघेल.

आणि संदेश ही काही लाजायची गोष्ट नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली 'शेजारी' काढला. गावातले दोन जिवलग, एक हिंदू, एक मुसलमान. धरणासाठी गाव हवं असलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो, आणि शेवटी धरण फुटताना दोघे हात हातात घेऊन जातात. आडून काही नाही, सरळ सांगितलंय. त्या काळात ते सरळ सांगण्याची गरज होती. माझ्या मते आजही आहे.

शनिवारचाशो

मी आठवडाभर हिशेब तपासतो. शनिवारी रात्री तीन तास मला काही शोधायचं नसतं, टिपायचं नसतं. 'सैराट' मी टॉकीजमध्ये चार वेळा पाहिला, 'झिंगाट'ला खुर्चीवर उभा राहून नाचलो, आणि शेवटी बाहेर येऊन पार्किंगमध्ये गाडीला किल्ली न लावता बसून राहिलो. मला थपडेचा संबंध कळला नव्हता, आज तुमच्यामुळे कळला. पण न कळताही तो माझ्या पोटात गेलाच होता ना? जे न सांगता पोहोचतं ते सांगून तुम्ही काय मिळवता? पुढच्या वेळी मी नाचताना प्रिन्सकडे लक्ष ठेवून असेन. माझं काहीतरी गेलं.

मधलीरांग

@शनिवारचाशो, दादा, पार्किंगमधली गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मला तेच समजून घ्यायचंय. तुम्ही किल्ली का लावली नाहीत, ते कशामुळे झालं? ते समजल्याने कमी होतं असा माझा अनुभव नाही. दुसऱ्यांदा पाहताना प्रिन्स पडद्यावर आला तेव्हा मला पहिल्या वेळेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता मला माहीत होतं आणि आर्चीला नव्हतं.

@खडूफळा, मॅडम, 'शेजारी' आम्हाला अभ्यासाला नाही, पण मी बघेन. माझा प्रश्न एवढाच: ते दोन हात दिसले नसते आणि 'एकोप्याने राहा' एवढंच कुणी बोललं असतं, तर तुम्हाला आज तो सिनेमा आठवला असता का?

निळीशाई

मी पुण्यात उन्हाळ्यातला चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केलाय, त्याला आता वीस वर्षं होतील. तिथे सुरुवातीलाच कुलेशॉव्हचा प्रयोग समजावला होता. या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, तो एकदा सूपाच्या बशीला जोडला, एकदा शवपेटीला. लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. अर्थ दोन चित्रांच्या मधल्या फटीत तयार होतो आणि तो तयार करणारे आपण असतो. मधलीरांग, तुझी आत्या आणि तू त्या फटीत वेगवेगळं भरलंत. यात तिची चूक नाही.

पण 'संदेश की मांडणी' असं भांडण लावू नकोस. 'कुंकू' घे. १९३७. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. संदेश स्वच्छ आहे, पात्रं तो तोंडानेही बोलतात. आणि त्याच सिनेमात दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत जवळजवळ काढून टाकलं, गाण्यांना आणि प्रसंगांना घरातले, आसपासचे आवाज वापरले. त्या घरात तुमचा जीव गुदमरतो तो त्यामुळे. म्हणजे तोंडाने सांगणं आणि कानाने भोगायला लावणं एकाच सिनेमात चालतं. रकाना काढू नका, त्यापुढे 'कशावरून?' एवढा एक शब्द छापा.

कोरडवाहू

आमच्याकडे 'सैराट'चा शेवट आला आणि आवाज गेला, तेव्हा मागून लोक ओरडले, "अरे साउंड! साउंड गेला!" शिट्ट्या झाल्या. मग कुणीतरी "गप बसा रे" म्हणालं. ते ठसे दिसले आणि सगळं थंड झालं. बस एवढंच सांगायचं होतं, वरचं वाचून आठवलं.

गावकूस

इतका वेळ नुसतं वाचत होतो. आता राहवत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला तेव्हा मी दहावीत होतो. शाळेने आम्हाला तालुक्याच्या टॉकीजला नेलं. समतेचा संस्कार व्हावा म्हणून. फँड्री हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. आमच्या घरी डुकरं होती. वर्गात माझ्या एकट्याच्याच घरी होती.

तुम्हा लोकांना तो प्रसंग माहीत असेल. सिनेमातल्या शाळकरी जब्याचं सगळं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडतंय, गाव बघायला जमलंय, वर्गातली पोरं हसतायत, जिच्यासाठी जब्या काळी चिमणी शोधत फिरतो ती शालूही हसतेय. थिएटरात माझ्या आजूबाजूची पोरंही हसत होती. पळापळ आहेच तशी. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो, जब्या भिंतीआड लपतो तसा. नंतर राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या ताठ उभा राहतो, मग घरचेही थांबतात आणि डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं. त्यालाही हसले. मग डुक्कर बांबूला बांधून घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. तिथे आमचे सर हळूच म्हणाले, "बघा, काय फ्रेम आहे." मग जब्याचा दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो आणि अंधार.

टाळ्या पडल्या. ज्यांच्यावर दगड मारला होता तेच टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत मला त्याच नावाने हाक मारली गेली. सिनेमाच्या आधी त्यांना तो शब्द माहीतसुद्धा नव्हता.

तेव्हा मधलीरांग, तुम्ही म्हणता संदेश लिहून घेऊ नका, प्रसंग बघा, शांतता ऐका. मला तेव्हा एक वाक्य हवं होतं. सरांनी दिवे लागल्यावर उठून मोठ्याने म्हणायला हवं होतं, "या मुलाला बघून तुम्ही हसलात." दोन ओळीसुद्धा लागल्या नसत्या. फ्रेम चांगली होती, मला मान्य आहे. मी नंतर पाच वेळा पाहिलाय, माझ्या मते मराठीत त्यासारखा दुसरा सिनेमा नाही. पण तो शेजारी बसलेल्यांपर्यंत आपोआप पोहोचेल यावर माझा विश्वास नाही.

खडूफळा

गावकूस, तुझी शाळा माझी नाही, पण मीही त्याच वर्षी माझ्या मुलांना नेलं होतं. परतताना बसमध्ये प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायला सांगितलं. सगळ्यांनी 'सर्व माणसं समान आहेत' असंच काहीतरी सांगितलं. मी खूश झाले होते. पडद्यावर डुक्कर पळत असताना कोण हसलं, हे मी कुणालाच विचारलं नाही. मीही हसले होते का, ते आता आठवत नाही, आणि त्याचंच मला आज वाईट वाटतंय.

माझं वरचं मत मी मागे घेत नाही. वाक्य हवंच. पण मी घेतलं ते चुकीचं वाक्य होतं.

शनिवारचाशो

गावकूस, मी 'फँड्री'ला टाळी वाजवलेल्यांपैकी आहे. दगड कुणाकडे येतोय हे मला तेव्हा सुचलं नाही. वर मी लिहिलं की न कळताही पोटात जातं. ते सगळ्याच वेळी खरं नसतं, हे मान्य करतो. तरी एक सांगतो, तुमच्या सरांनी दिवे लागल्या लागल्या ते वाक्य म्हटलं असतं तर सगळ्या माना तुमच्याकडे वळल्या असत्या. तुम्हाला ते चाललं असतं?

गावकूस

नाही. तो विचार मीही केलाय. 'या मुलाला' म्हणजे जब्याला, पण बघितलं असतं माझ्याकडेच. तरी काहीच न बोलण्यापेक्षा ते बरं. माना तशाही वळल्याच होत्या.

मधलीरांग

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सुचत नव्हतं.

मी पडद्यावरचं सगळं टिपत होतो: कॅमेरा, कट, आवाज. थिएटरात कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. वास्तविक 'फँड्री'ची मांडणीच ते सांगतेय. पकडापकडीचा प्रसंग विनोदी सिनेमासारखा लांबवत नेलाय, म्हणजे आपण हसावं. पडद्यातलं गाव आणि थिएटरातले आपण एकाच बाजूला बसावं. मग दगड त्या बाजूला यावा. गावकूस, तुमच्या वर्गमित्रांनी टाळी वाजवली तेव्हा ते अजून हसणाऱ्यांच्याच बाजूला बसलेले होते आणि त्यांना ते कुणी दाखवलं नाही. मी 'सिनेमा नीट बघितला की कळेल' म्हणत होतो. माझी आत्या नीट बघत होती. तुमचा वर्गही बघत होता. मी चुकत होतो.

पण साच्यातल्या रकान्याला माझा विरोध कायम आहे. 'सर्व माणसं समान आहेत' हे त्या बसमधलं वाक्य अगदी त्या रकान्यात बसणारं आहे. ते लिहिलं की हसलेलं माफ होतं. मॅडम, तुम्ही परत मुलांना 'फँड्री' दाखवलात तर 'तू कधी हसलास?' एवढंच लिहून घ्याल का? नाव न घालता, चिठ्ठीवर. निळीशाई ताईंचा 'कशावरून?' हा शब्द त्याखाली चालेल.

खडूफळा

घेईन. चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवणार नाही, हेही मुलांना आधीच सांगेन. नाहीतर खरं कुणी लिहिणार नाही.

निळीशाई

आणि शिक्षकाचीही एक चिठ्ठी त्यात असू द्या.

गावकूस

माझ्या वडिलांनी 'फँड्री' अजून पाहिलेला नाही. मीच दाखवला नाही. किशोर कदमांनी केलेला जब्याचा बाप कचरू पाहताना मला प्रत्येक वेळी ते दिसतात, विशेषतः गावकऱ्यांपुढे मान हलवताना. आता डुकरं नाहीत, मी नोकरीला आहे, ते माझ्याकडेच राहतात. या रविवारी लावतो. डुक्कर पळायला लागेल तेव्हा ते काय करतात ते बघायचं आहे. कदाचित हसतील. धरायला कोण कुठे उभं राहिलं पाहिजे ते त्यांना माहीत आहे.