फराळ विकत आणा, माळा राहू द्या? मग ऐकाच

सुदामानगरची काकू

काल इथे, आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या कट्ट्यावर, 'मोकळा श्वास' या नावाने लिहिणाऱ्या भाऊंची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: घरी दिवाळीचा फराळ करणं हे बायकांनी हौसेने गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं आहे. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जा, डबे भरून आणा, घरातला माळा पुढच्या वर्षी झाडा, सुट्टी मजेत घालवा. खाली वा वा करणाऱ्यांची ही गर्दी.

विकतच्या फराळाशी माझं वाकडं नाही. बालुशाही मी कधीच घरी केलेली नाही, करणारही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. फराळ जड होत नाही हो, आपण तो शेवटच्या चार दिवसांत कोंबतो म्हणून जड होतो. पितृपक्षात म्हणायचं, आत्ता कुठे नवीन काम काढता. नवरात्रात म्हणायचं, घट बसलेत, घर हलवायचं नाही. दसऱ्याला म्हणायचं, कोजागिरी होऊ द्या. झाली कोजागिरी, ६ ऑक्टोबरला. आता पुताईवाला रंगारी फोन उचलत नाही, चक्कीवर डब्यांची रांग लागलीय, आणि धनत्रयोदशीच्या रात्री अकराला कढई चढणार. मग बाई रडकुंडीला आली की दोष चकलीचा!

अनारसेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा चार-पाच दिवस ठेवून द्यायचा. यात आपलं काम रोज दहा-पंधरा मिनिटांचं, बाकीचं तांदूळच बघून घेतात. पण सुरुवात केली नाही तर पुढे कितीही घाई करा, काही होत नाही. यंदा, २०२५ मध्ये, नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला. आज-उद्यात तांदूळ भिजले नाहीत तर अनारशांचं नाव काढू नका.

तेव्हा भाऊ, ज्याला तुम्ही मोकळा श्वास म्हणता ती आळसाला दिलेली सबब आहे.

मोकळा श्वास

काकू, इतकं चिडायला काय झालं? मी कुणाच्या हातातून झारा काढून घेतला नाही. एवढंच म्हणालो की ज्याला जमत नाही त्याने अपराधी वाटून घेऊ नये. आणि आता तर २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. सरकारसुद्धा विकत घ्या म्हणतंय, तुम्हीच अडून बसलात.

चाकरमानी

मी बँकेत आहे. काकूंचं 'रोज दहा-पंधरा मिनिटं' वाचून हसू आलं. सकाळी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते भरायचं, डबे करायचे, साडेनऊला निघायचं. परतल्यावर ज्या दहा मिनिटांत मी तांदळाचं पाणी बदलायचं, त्याच दहा मिनिटांत पोराचा अभ्यास, सासऱ्यांचं औषध आणि दुधाचा हिशोबही बसवायचाय. टाळाटाळ करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालण्याआधी कामं कोणाकोणाच्या नावावर आहेत ती यादीही काढा. आमच्याकडे माळ्याची जबाबदारी ह्यांची. 'या रविवारी नक्की' असं मी लग्नापासून ऐकतेय. शिडी मात्र दर रविवारी बाहेर निघते, तिच्यावर टॉवेल वाळतात.

रामबागकर

आमची आई एकटी सगळं करायची. चकली, कडबोळी, चिरोटे, दोन प्रकारचे लाडू, करंज्या. घरात चौदा माणसं. वर अभ्यंगस्नानाला पहाटे चारला बंब पेटवायची. कधी कुरकुर ऐकली नाही. हल्ली चार माणसांचं करायचं तरी थकवा येतो.

चाकरमानी

आईने कुरकुर केली नाही हे नेहमी मुलगाच सांगतो. एकदा बहिणीला विचारून बघा.

रामबागकर

बहिणीला मध्ये आणायचं कारण नाही. मी वयाने मोठा आहे, जरा भाषा सांभाळून.

कढई चालू आहे

मी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, लोकमान्य नगरच्या बाजूला. दोन्ही पक्षांना माझं ऐकावं लागेल, कारण दोन्ही पक्ष माझ्याकडेच येतात. जे 'आम्ही घरीच करतो' म्हणतात ते शेवटच्या आठवड्यात हळूच चकली मागतात आणि डब्यावरचं लेबल काढून द्या म्हणतात. जे 'विकतच बरं' म्हणतात त्यांना चव आईच्या हातची हवी आणि भाव सियागंजच्या घाऊक दुकानाचा. भाजणीची डाळ-तांदूळ वेगवेगळं भाजायला किती वेळ जातो ते कोणी विचारत नाही. चक्कीवर गव्हाच्या मागे भाजणी गेली तर चकलीचं काय होतं तेही नाही. मी तरी चक्कीवाल्याला सांगून तांदळाच्या किंवा डाळीच्या दळणामागेच लावते, त्यासाठी दुपारभर तिथे उभी राहते.

आणि काकू, टाळाटाळीचं म्हणाल तर माझ्या स्वतःच्या घरचा फराळ वसुबारसेपर्यंत सुरूच होत नाही. दुनियेचे डबे भरले की तळाशी उरलेल्या तुकड्यांवर आमची दिवाळी. मुलगी एकदा म्हणाली, आपल्याकडे अख्खी चकली कधी येणार? त्यावर काय उत्तर द्यायचं?

बाकी यंदा चिवड्याच्या ऑर्डरी फार आहेत. लवंगशेव घातलेला जास्त जातोय.

सदाशिव पेठ ते साकेत

थांबा, थांबा. चिवड्यात शेव? तीही लवंगेची? मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हा प्रकार सहन करतेय. पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे पोहे, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरची. संपलं. शेव घातली की तिच्या तेलाने पोहे दबतात, डब्याच्या तळाशी सगळा चुरा होतो, आणि शेवेचं तेल आधी खवट होतं म्हणून अख्खा डबा वाया जातो. ही चवीची नाही, टिकण्याची गोष्ट आहे.

छप्पनचा भिया

वहिनी, टिकण्याची गोष्ट त्यांच्यासाठी ज्यांचा चिवडा टिकतो. आमच्याकडे डबा उघडला की पाडव्यापर्यंत दिसत नाही. इंदुरात पोह्यावर शेव, कचोरीवर शेव, भाजी शेवेची, शेजारचं रतलाम तर शेवेसाठी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, घेऊन बसलंय, आणि चिवड्याने एकट्याने काय पाप केलंय? मी तर वरून जीरावन मसालापण भुरभुरतो.

सदाशिव पेठ ते साकेत

जीरावन! दिवाळीच्या फराळावर! मला आता काही बोलायचंच नाही.

ग्वाल्हेरकर

बोला, बोला, आम्ही ऐकतोय. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चिवडा चिवड्यासारखाच होतो. इंदूरच्या मंडळींना साध्या वरणातसुद्धा शेव लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

छप्पनचा भिया

ग्वाल्हेरने गजक सांभाळावी. पाहुण्याच्या घरी जेवून वर वरणाला नावं ठेवायची, हे कुठलं?

सुदामानगरची काकू

अरे मी काय लिहिलं आणि तुम्ही कुठे पोहोचलात! विषय कामं पुढे ढकलण्याचा होता.

सदाशिव पेठ ते साकेत

काकू, हा त्याच विषयाचा भाग आहे. शेव घातलेला चिवडा आधी करून ठेवता येत नाही, म्हणून तो शेवटच्या दोन दिवसांवर जातो. बिनशेवेचा आठ दिवस आधी करा, हवाबंद डब्यात घाला, सुटलात. पोहे ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास तापवले तर भाजायचंही काम अर्धं. तुमच्याच बाजूने बोलतेय मी, आणि मलाच गप्प करताय.

कढई चालू आहे

यात तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. शेवेचा चिवडा मी ऑर्डर जाण्याच्या आदल्या रात्रीच कालवते. पण गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं. पुणेरी शुद्धतेवर माझ्या गॅसचं बिल भरलं जात नाही.

सदाशिव पेठ ते साकेत

'पुणेरी' हा शब्द कधी येतोय याचीच वाट बघत होते. इतकी वर्षं या गावात राहिले, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बाराला भुट्ट्याचा कीस खाल्ला, रंगपंचमीला गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत, भिजले, तरी चिवड्यावर एक वाक्य बोलले की मी परकी.

छप्पनचा भिया

वहिनी रागावू नका. गेरमध्ये भिजलेला माणूस परका नसतो. तुमचा चिवडा पाठवा एक डबा, शेव आम्ही आमची घालू.

रामबागकर

मूळ प्रश्नापेक्षा मोठा घोळ कोणी बघतच नाहीये. फराळ नेमका कोणत्या दिवसासाठी करायचा? यंदा अमावास्या २० तारखेला दुपारी लागते आणि २१ ला संध्याकाळी संपते. आपल्या मराठी पंचांगात लक्ष्मीपूजन २१ ला. शेजारपाजारचे सगळे २० ला करणार. म्हणजे २० ला पहाटे आमचं अभ्यंगस्नान, त्याच संध्याकाळी शेजारी लक्ष्मीपूजनाचे फटाके, आणि त्यांच्याकडून मिठाईचं ताट आलं की परतफेडीचं ताट आमच्याकडे तयार पाहिजे. एक दिवस आपोआप कमी झाला. यावर कोणी बोलेल का?

चाकरमानी

काका, त्यात अवघड काय? त्या दिवशी ताट तुम्ही लावा. पंचांग तुम्हाला पाठ आहे, म्हणजे ताट कधी लागतं तेही तुम्हालाच ठाऊक.

रामबागकर

लावीन की. लावता येत नाही असं वाटलं का? बेसनाचे लाडू मीच वळतो दरवर्षी. तेवढं सांगायचं राहिलं, कारण कोणी विचारलं नाही.

चाकरमानी

भाजतं कोण?

रामबागकर

भाजते ती. भाजायला जाणती नजर लागते.

चाकरमानी

बरं.

मोकळा श्वास

बघा, म्हणजे मीच बरोबर होतो. एवढं भांडण, एवढी दगदग, आणि शेवटी एक जण भाजतो, दुसरा वळतो आणि तिसरा नावं ठेवतो. सरळ विकत आणा. माळ्याचं म्हणाल तर तिथे काय आहे? तुटका पाळणा, मागच्या-मागच्या गणपतीचं मखर, आणि तांब्याचा बंब, ज्यात पाणी तापवायला आता कोणी लाकडं आणत नाही. आणि गाव २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येतंय, आपल्या घरांतले माळे सोडून.

सुदामानगरची काकू

तुमच्याकडचा बंब विकायचा असेल तर मला आधी सांगा. मोडीत घालू नका. आणि माळ्यावरचं मखर थर्माकोलचं असेल तर ते सुक्या कचऱ्यात वेगळं करून द्या, गाडीवाला ओल्यात मिसळलेलं घेणार नाही. तेवढं कराल तरी पुरे, श्वास खरोखर मोकळा होईल, निदान नाकात धूळ जाऊन शिंका तरी येतील.

चाकरमानी, तुला मी आळशी म्हटलं नव्हतं. पण ठीक आहे, तुझ्या घरी टाळाटाळ वेगळ्या माणसाच्या नावावर आहे. त्या रविवारवाल्याला माझ्याकडे पाठव. माझ्या ह्यांना मी अशीच सवय लावली. माळ्यावरचं पितळेचं मोठं पातेलं खाली आल्याशिवाय करंजीचं सारण होणार नाही, असं सांगून टाकलं. सारण नाही म्हणजे करंजी नाही, आणि करंजीशिवाय त्यांची दिवाळी होत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पातेलं खाली. चिंचेने घासलं मीच, ते जाऊ दे.

चाकरमानी

आमच्या ह्यांना करंजी आवडत नाही. हा माणूस कशालाच बधत नाही. विकतचं खातो, घरचं खातो, वाटीत उरलेलं खातो, कौतुकही करतो. त्याला कशाचीच धमकी देता येत नाही.

ग्वाल्हेरकर

असा नवरा मिळणं भाग्याचं!

चाकरमानी

तुम्ही करा मग त्याच्याशी संसार.

कढई चालू आहे

एक विचारते. काकू, तुम्ही अनारशाचं एवढं सांगितलंत, पण अनारसा तळताना हसला तर? सगळं वेळेवर करूनही हसतो. मागच्या खेपेला माझा गोळा चांगला मुरला होता, तांदूळ जुने होते, तरी तुपात सोडला की फुलायच्या आधीच विरघळून कढईभर पसरला. गिऱ्हाइकाला काय सांगणार, की मी लवकर सुरुवात केली होती?

सुदामानगरची काकू

गूळ जास्त झाला असणार. थोडं तांदळाचं पीठ राखून ठेवायचं आणि पहिला अनारसा चाचणीचा सोडायचा. हसला तर तेवढं पीठ मळून घ्यायचं. खसखशीची बाजू वर ठेवून एकाच बाजूने तळायचा, उलटला की खसखस तुपात जाते. खसखस पिकवणारं नीमच-मंदसौर इतकं जवळ असून खसखस काय भावाने मिळते बघा, ती कढईत सांडायला परवडते का?

सदाशिव पेठ ते साकेत

हे मात्र पटलं. आणि चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते, तेही सांगून ठेवा. माझी पडते. कोणाला सांगू नका.

कढई चालू आहे

सगळ्यांसमोर लिहून कोणाला सांगू नका म्हणे! आच मोठी ठेवता का? वरून लाल होते, आत कच्ची राहते, मग डब्यात मऊ. मोहन जास्त घातलं तर तेलातच तुकडे होतात, कमी पडलं तर दात पडतात. सगळं पीठ सोऱ्यात भरायच्या आधी एक पाडून बघा.

सदाशिव पेठ ते साकेत

आच मोठीच असते. घाई असते ना.

मोकळा श्वास

घाई! ऐकलंत काकू?

छप्पनचा भिया

भाऊ, तुम्ही गप्प बसा, तुमच्यामुळेच सुरू झालंय हे. वहिनी, तो बिनशेवेचा डबा येतोय ना? मी लवंगशेव बारीक आणतो, खाताना वरून घालू. डब्यात मिसळणार नाही, झालं?

सदाशिव पेठ ते साकेत

खाताना वरून घातलीत तर माझी हरकत नाही. जीरावन मात्र माझ्यासमोर नको.

कढई चालू आहे

ज्यांना खरंच हवंय त्यांनी सांगा: चकली आणि शेवेचा चिवडा १५ तारखेपर्यंत, लाडू १७ पर्यंत. अनारसे यंदा कोणाचेच घेत नाही. लेबल काढून मागणाऱ्यांनी स्वतःचे डबे आणावेत. आणि रामबागकर काका, लाडू वळायला माणूस हवा आहे, रोजचे पैसे देईन.

रामबागकर

संध्याकाळी चारनंतर मोकळा असतो.