मदत हवी आहे: दादाला गावातल्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) काम मिळावं म्हणून

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्याला. थोरला भाऊ शिक्षा भोगून मार्चमध्ये घरी आला. बांधावरून भांडण झालं होतं, त्यात शेजारच्या वाडीतला माणूस गेला. सदोष मनुष्यवध, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ भाग २, सात वर्षांची शिक्षा. दादाच्या हातून ते घडलं हे आम्ही घरात कधी झाकलं नाही, इथेही झाकत नाही.

आधी सावंतवाडी, मग कळंबा, शेवटी नाशिकरोड. नाशिकरोड कारागृहात कैदी शाडूचे गणपती करतात, ते बाहेर विक्रीलाही येतात. दादा तिथे माती मळण्यापासून सुरुवात करून डोळ्यांच्या रेखणीपर्यंत पोचला. संचित रजेवर (कैद्याला मिळते त्या सुट्टीवर) आला होता तेव्हा त्याने आईला वीतभर मूर्ती करून दाखवली होती. ती अजून फडताळात आहे.

आमच्या गावात गणपतीची शाळा आहे. आषाढात मूर्तीसाठी घरोघरचे पाट तिथे यायला लागतात. शाळेच्या मालकांचं वय झालंय, हाताखालची मुलं मुंबई-गोव्याला गेली, रेखणीला माणूस नाही. दादाचं काम बघून ते हरखले. दुसऱ्या दिवशी मात्र घरी येऊन म्हणाले, "माका काय अडचण नाय, पण लोकांनी पाट परत न्हेले तर?" मग त्यांनीच तोड काढली: दादाने रात्री यावं, उजाडायच्या आत घरी जावं, कोणाला कळायला नको. दादा तयार आहे. मला हे पटत नाही. चतुर्थीच्या तोंडावर गोष्ट फुटली तर फसवल्याचा डाग दादावर बसेल आणि म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पत जाईल. आईला विचारलं तर म्हणते, "तेच्या हातचो गणपती घेतलो तर लोक काय म्हणतले?"

आणि खरी अडचण पुढेच आहे. जो माणूस गेला, त्याच्या घरचा पाटही याच शाळेत येतो.

एप्रिलमधली गोष्ट सांगतो. रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) लागली होती. आमच्याकडे रापणीच्या दोरीला हात लावला की वाटा मिळतो, कोण कुठला विचारत नाहीत. दादाला मीच बळेबळे नेलं. तास-दीड तास ओढत होता, घामाने निथळला होता, सात वर्षांत त्याला असं मोकळं पाहिलं नव्हतं. जाळं जवळ आलं तशा दोन्ही बाजूच्या दोऱ्या जवळ आल्या, तेव्हा त्याला दिसलं की पलीकडच्या दोरीवर त्या घरातला मुलगा आहे, आता विशीचा. कोणी काही बोललं नाही. दादाने दोरी सोडली आणि वाटा न घेता घरी चालत गेला. संध्याकाळी कोणीतरी त्याच्या वाट्याचे पेडवे (मासे) आमच्या पडवीत ठेवून गेलं. कोणी, ते अजून कळलेलं नाही. तेव्हापासून दादा किनाऱ्यावर उतरलेला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, कोणाला उपयोग झाला तर: आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला होता, त्यामुळे ओटीपी येईना आणि सगळंच अडलं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळाला, वेगळा कागद लागला नाही. मामेभाऊ मस्कतला बोलावतो. पण खटला लांबल्यामुळे निकालाला अजून पाच वर्षं झालेली नाहीत, आणि १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात अशा वेळी पासपोर्ट नाकारता येतो, असं वकिलांनी सांगितलं. खरं तर दादाला जायचंच नाही.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्क्यांनी. पण पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायत, म्हणजे पुन्हा गावच. जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांकडून मुक्त बंद्यांना, म्हणजे सुटलेल्या कैद्यांना, धंद्यासाठी अनुदान मिळतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणार आहोत, सुटकेचा दाखला जपून ठेवलाय. हे अनुदान कोणी घेतलं असेल तर आणखी काय काय न्यावं, कृपया सांगा.

पण मुख्य विचारायचंय ते हे. माझं मत असं की शाळेत पाऊल टाकण्याआधी त्या घरी विचारायला हवं. ते नाही म्हणाले तर नाही. दादा म्हणतो, "मी कोणत्या तोंडाने जाऊ? मला बघून त्या माउलीला सगळं पुन्हा भोगावं लागेल." त्याचंही खोटं नाही. मग मी एकट्याने जावं का? की गावच्या मानकऱ्यांना मध्ये घालावं? त्यांनी विचारलं म्हणजे त्या घराला नाही म्हणणं जड जाईल, आणि तसा होकार मला नकोय.

तुमच्या गावात, तुमच्या घरात असं कोणी परत आलं असेल तर पहिलं पाऊल कोणी टाकलं? आणि तुम्ही त्या दुसऱ्या घरातले असाल, तर कोणी दारात आलेलं चाललं असतं? तुमचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवंय, कितीही कडू असलं तरी. इथे लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

आषाढ लागायला तीन आठवडे आहेत.