मदत हवी आहे: अब्बा-अम्मीसोबत बुडापेस्ट, चार रात्री, निवांत आणि हलाल

मिरजेची_पोर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बा-अम्मीला घेऊन चार रात्रींसाठी कुठेतरी जायचंय. मी म्युनिकला असते, ते दोघं मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेत. मिस्टरांना सुट्टी नाही, म्हणजे आम्ही तिघंच. डोक्यात बुडापेस्ट आहे: इथून थेट गाडी, साधारण सात तास, मध्ये उतरायचं नाही. व्हिसा जर्मनीचा शेंगेन आहे, हंगेरीत तोच चालतो, तेव्हा त्यावर उत्तरं नकोत. :)

अब्बा ७१ वर्षांचे, उजवा गुडघा गेलेला. जरा चालले की बसायला जागा शोधतात, पण दुखतंय असं तोंडातून निघणार नाही. अम्मीला साखर आहे, दुपारी एकच्या आत जेवण लागतं. 'दोन दिवसांत पंधरा ठिकाणं' असलं काही नको. दिवसाला एक गोष्ट, बाकी वेळ नदीकाठी बसून चहा.

खरी अडचण जेवणाची. मागे एका शहरात आम्ही रीतसर विचारलं, "पोर्क नाही ना?" वेटर म्हणाला, नाही, चिकन आहे. ताट आलं, अब्बांनी दोन घास खाल्ले आणि सॉसमधून बोटाच्या पेराएवढा गुलाबी तुकडा काट्याने कडेला काढला. बेकन. त्यांनी काटा खाली ठेवला, पाणी प्यायले, म्हणाले, "भूक नाही मला." वेटरला एक शब्द नाही, मला तर नाहीच. पुढचे दोन दिवस केळी, ब्रेड आणि काळा चहा. अम्मीने खोलीत बसून मिरजेहून आणलेला चिवडा संपवला. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

तर बुडापेस्टला हे जमेल का? की सरळ व्हिएन्ना करू? तिथे तुर्की लोक जास्त, असं मिस्टर म्हणतात. नमाजाची सोय, चढ-उतार, राहायची जागा, काहीही सांगा. अब्बा रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे गाड्यांचं काही असेल तर फारच उत्तम.

डॅन्यूबकाठचा_जोशी

व्हिएन्नाला हलाल सोपं आहे यात शंका नाही. ब्रुनेनमार्क्टला गेलात की तुर्की खाटीक, बेकऱ्या, सगळं एका रांगेत. मिनारवाली मोठी मशीद आहे, १९७९ची, नवी डॅन्यूबच्या काठावर. पण तुम्हाला नदी हवी आहे ना? व्हिएन्नात मधोमध वाहतो तो कालवा, खरी डॅन्यूब लांब. बुडापेस्टला ती शहराच्या मधून जाते. एका काठावर सपाट पेस्ट, समोर बुडाच्या टेकड्या. राहायचं पेस्टलाच, तेही ४ आणि ६ नंबरच्या ट्रामच्या मार्गावर. त्या ट्रामचा मजला फलाटाच्या पातळीला असतो, गुडघ्याला त्रास नाही. नदीकाठाने जाणारी २ नंबर दिसायला सुंदर, पण आम्ही गेलो तेव्हा तिला चांगल्या उंच पायऱ्या होत्या.

जागा बुक करताना लिफ्ट आहे ना हे विचाराच. जुन्या इमारतींचे मजले उंच असतात, तिथला दुसरा मजला म्हणजे आपला तिसरा समजा. बुडाच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर चढत जाऊ नका, १६ नंबरची बस थेट वर नेते.

खादाड_सदाशिव

आम्ही शाकाहारी, पण शत्रू तुमचा आणि आमचा एकच: झीर. म्हणजे डुकराची चरबी. मांस दिसत नसलं तरी फोडणी तिच्यात असू शकते. गुलाश बीफचा असला तरी कांदा कशात परतला ते विचारायचं. माशाच्या सूपचंही तेच. बीन्सचं सूप बघून आम्ही खूश झालो, तर तळाशी धुरावलेला डुकराचा गुडघा! पोगाचा नावाची खारीसारखी छोटी वडी चहाबरोबर झकास दिसते, पण 'तेपेर्त्योश' लिहिलं असेल तर त्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरे तुकडे असतात. गोडात शोमलोई गालुश्का टाळा, रममध्ये भिजवतात. चिमणीसारखा पोकळ कुर्त्योशकालाच मात्र निखाऱ्यावरून गरम गरम खा (अम्मींनी अर्धाच).

पाठ करायचे शब्द: शेर्तेश आणि दिस्नो म्हणजे डुक्कर, सॉलोन्नॉ म्हणजे बेकन, कोल्बास म्हणजे सॉसेज. चिर्के कोंबडी, मॉर्हॉ गाईबैलाचं.

पेस्टवासी

इथे सहा वर्षं आहे, थोडी भर घालतो.

ताई, वेटरला नुसतं "हलाल?" विचारू नका. हंगेरियनमध्ये 'हॉल' म्हणजे मासा आणि 'हॉलाल' म्हणजे मरण. माझ्या एका मित्राने पहिल्याच आठवड्यात एका खानावळीत हसतमुखाने विचारलं, तर काउंटरवरच्या आजीबाई गप्पच झाल्या. मग मागून मासा आणून दाखवला. त्यापेक्षा फोनवर लिहून दाखवा: नेम एस्युंक दिस्नोहूश्त. आम्ही डुकराचं मांस खात नाही. खाली 'झीर'ही नको असं लिहा. आणि ही विचारपूस बसण्याआधी, दारातच उरका. म्हणजे अब्बांच्या समोर ताट परत पाठवायची वेळ येत नाही.

रिंगरोडवर, म्हणजे त्याच ४-६च्या मार्गावर, तुर्की आणि अरबी खानावळी भरपूर आहेत. काचेमागे पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचं. मसूरचं सूप, भात, भाजलेलं वांगं. तरी हलालची पाटी आहे का ते बघा, तुर्की म्हणजे हलालच असं गृहीत धरू नका. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर रात्री खिचडी टाकता येईल.

नमाजाला मिनार शोधत बसू नका, इथल्या मशिदी साध्या इमारतींमध्ये आहेत. ऑक्टोबर त्यासाठी उत्तम. मगरीब (सूर्यास्तानंतरची नमाज) साधारण सहाच्या सुमारास होते, ती पढून खाली उतरलात की संसदेचे दिवे लागलेले. जूनमध्ये हेच बघायला पावणेनऊ वाजतात आणि इशापर्यंत (रात्रीच्या नमाजापर्यंत) म्हातारी माणसं पेंगायला लागतात. बोटीत बसायचं तर तासाभराची साधी फेरी घ्या. जेवणाच्या बोटींवर दारू असतेच.

आणि मिरजेचे म्हटल्यावर एक सांगायलाच हवं: इथे दर्गा आहे. गुलबाबांचा. बेक्ताशी या सुफी पंथाचे दरवेश, १५४१ साली तुर्कांनी बुडा घेतलं त्याच वर्षी इथे वारले. अष्टकोनी छोटी कबर, भोवती गुलाब, खाली नदी. नावाचा अर्थच गुलाबांचा बाप. टुरिस्ट पुस्तकं खालून गुलबाबा गल्लीने चढा म्हणतात. ती दगडी आणि उभी चढण आहे, अब्बांना नको. टॅक्सी करून वरच्या मेचेत रस्त्याने या. मेचेत म्हणजे मशीद, रस्त्याचं नाव तेवढं उरलंय.

सुमेधा_क

अम्मींना गरम पाण्याच्या कुंडाची हौस असेल तर रुदाश बघा. तुर्कांनी १६व्या शतकात बांधलेलं, घुमटाला बारीक भोकं, त्यातून उजेडाच्या रेघा पाण्यावर पडतात. मंगळवार बायकांचा असतो, तिकिटाआधी वेळ एकदा बघून घ्या. तुम्ही अंगभर पोहण्याचा पोशाख घालू शकता, पण काही बायका कपड्यांशिवायही असतात. अम्मींना घरीच सांगून ठेवा, माझ्या सासूबाई दारातून परत फिरल्या होत्या.

मोठ्या मंडईत तिखट घ्या. एदेश म्हणजे गोड, चिपोश म्हणजे झणझणीत. आपल्या कांदा-लसूण चटणीपुढे त्यांचं चिपोश म्हणजे हळदीकुंकू.

पेस्टवासी

गार्ड म्हणालात तेव्हाच लिहायला हवं होतं. बुडाच्या टेकड्यांत मुलांची रेल्वे आहे. १९४८पासूनची, ११ किलोमीटर, जंगलातून जाते. इंजिन मोठी माणसं चालवतात. बाकी तिकीट देणं, सिग्नल, फलाटावरचा सलाम, सगळं १० ते १४ वर्षांची मुलं गणवेशात करतात. सप्टेंबरपासून सोमवारी बंद असते. वर जायला १८७४ची दातेरी रेल्वे आहे, ती शहराच्या साध्या तिकिटावर चालते. शिवाय १८९६ची भुयारी रेल्वे आहेच, रस्त्याच्या जेमतेम खाली. पायऱ्या उतराव्या लागतात, पण थोड्याच.

मिरजेची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. बुडापेस्ट पक्कं. सोमवारी संध्याकाळी पोचतोय, मंगळवारी अम्मी आणि मी रुदाश (अम्मी म्हणाली, "बायकांच्यात काय लाजायचं", बघू), बुधवारी रेल्वे, गुरुवारी गुलबाबा, शुक्रवारी परत. बाकी सगळा वेळ बाकावर. लिफ्टवाली जागा ४-६च्या थांब्याजवळ मिळाली, कुकर सोबत नेतेय.

झीरची यादी फोनवर टाकलीय. अब्बांना दाखवली नाही, विचारायचं काम दारात मीच करेन.

रेल्वेचं मात्र काल रात्री जेवताना सांगितलं. अब्बांनी निम्मी नोकरी मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी छोट्या गाडीवर काढली. भाकरी हातातच राहिली. "झेंडी कोण दाखवतं? पोरं?" मग म्हणाले, "गेज किती?" म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मी शोधून सांगितलं, ७६० मिलिमीटर. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपली ७६२. दोन मिलिमीटरनं बारीक आहे त्यांची."

@पेस्टवासी, शेवटचा प्रश्न: त्या डब्यांची पायरी फलाटापासून किती उंच असते? अब्बांना विचारलं तर ते म्हणतात, "चढतो की."