रस्त्याच्या कामाजवळ वेग नेमका कोठून कमी करावा?

प्रश्न : माझ्या रोजच्या मार्गावर दुरुस्तीचे काम सुरू आहे. कामगार दिसले की मी वेग कमी करतो, परंतु मागच्या गाड्या अगदी जवळ येतात आणि ब्रेक दाबण्याचीच भीती वाटते. काय करावे?

प्रतिसाद १ : कामगार दिसण्याची वाट पाहू नये. पहिला सूचनाफलक दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबावा, म्हणजे मागच्या चालकाला दिव्यांवरून वेळीच कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते.

प्रतिसाद २ : मी अशा कामांवर झेंडा घेऊन उभा असतो, म्हणून कळकळीने सांगतो. यंत्रांच्या आवाजात मागून येणारी गाडी आम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या-आमच्यामध्ये बहुधा प्लॅस्टिकचे शंकूच असतात, जे दिशा दाखवतात, पण गाडी अडवू शकत नाहीत. रात्री हेडलाइट डिपरवर ठेवा. डोळे दिपले की पायाखालचा खड्डाही दिसत नाही. काम थांबलेले दिसले तरी वेग वाढवू नका, कारण यंत्रामागून माणूस अचानक बाहेर येऊ शकतो.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. यंत्रामागच्या माणसाचा विचार मी केलाच नव्हता. उद्यापासून पहिल्या फलकापासूनच वेग उतरवेन.