तरुणांच्या सामाजिक उद्योग उपक्रमात स्वयंसेवक: गोव्यातले अनुभव

गावातली एखादी अडचण हेरायची, ती सुटेल असा छोटा उद्योग मुलांनी उभा करायचा आणि नफा परत त्याच कामात घालायचा, असे उपक्रम आपल्याकडच्या काही हायर सेकंडरी आणि कॉलेजांतून होतात. इथल्या बऱ्याच जणांनी त्यात मुलांच्या पाठीशी राहून काम केलं आहे. काय केलंत, कुठे अडलं, सविस्तर लिहा. नव्याने येणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

फोंड्याहून

आमच्या गटातल्या मुलींनी बचत गटाची सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, विकायला घेतली. भिरंडं (कोकमाची फळं) ऐन उन्हाळ्यात पिकतात आणि पावसाच्या आत सोलं वाळली नाहीत तर वर्ष हातचं गेलं. साली उन्हात घालायच्या, मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, पुन्हा उन्हात; काळ्याभोर होईपर्यंत हेच. मुली वही घेऊन खर्च मांडायला बसल्या. भिरंडं, मीठ, पिशव्या, बसभाडं. एकीने सोलं करणाऱ्या बचत गटातल्या काकींना विचारलं, "काकी, तुमची मजुरी किती धरू?" काकी म्हणाल्या, "अगो बाय, घरच्या कामाची कसली मजुरी?"

मुलींनी भाव ठरवणं तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ लावून बसल्या: भिरंडं फोडणं, बिया काढणं, भिजवणं, परतणं, ढग दिसला की सगळं उचलून आत धावणं. मजुरी धरल्यावर आलेला भाव बाजारापेक्षा चढा निघाला. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. स्वयंसेवकाने तिथे आकडा सांगितला की मुलांचं शिकणं संपलं. तोड त्यांनीच काढली. जाड, अखंड सोलं वेगळी काढून त्यांना मजुरीसकट भाव लावला आणि आगळ (खारवलेला कोकमाचा रस) बाटल्यांत भरून वेगळं विकलं. काकींच्या हातात मजुरीचे म्हणून वेगळे पैसे पडले, तेव्हा त्यांनी ते दोनदा मोजले.

डिचोलीहून

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू होऊन 2018 मध्ये परत थांबल्या. आमच्या गटातल्या काही पोरांच्या घरी खनिज वाहायला कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे होते. एका सत्रात मी मुहम्मद युनूस यांच्याबद्दल सांगत होतो: बांगलादेशात गरीब बायांना तारणाशिवाय छोटी कर्जं, 1983 मध्ये ग्रामीण बँक, 2006 मध्ये त्यांना आणि बँकेला मिळून शांततेचं नोबेल. एका पोराने सरळ विचारलं, "सर, कर्ज घेतलं आणि धंदाच बंद पडला तर?" त्या प्रश्नाला मी सगळा वेळ दिला. ठरलेलं सत्र बाजूला ठेवलं.

त्यांनी बिनकर्जाचं काम निवडलं, माटोळीचं सामान, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची रानफळं, पानं, फुलं. चतुर्थीच्या आधी घरोघर नोंदणी आणि निम्मे पैसे आगाऊ. वाड्यावरच्या आज्यांनी डोंगरात नेऊन कांगलां, घागऱ्यो अशी माटोळीची रानफळं दाखवली आणि बजावलं, वेल मुळासकट ओढायची नाही, थोडी फळं झाडावर राहू द्यायची. म्हणून पोरांनी नोंदणीच मर्यादित घेतली. पैसे समोर दिसत असताना सतरा वर्षांच्या पोरांनी "आता पुरे" म्हणणं, याचं मला फार कौतुक वाटतं. नफ्यातला वाटा आज्यांना दिला.

म्हापशाहून

थोडक्यात लिहिते. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा. वजन, तारीख, घटक पाकिटावर हवेतच. पालकांना सुरुवातीलाच भेटा, शुक्रवारच्या बाजारात मुलीने बसणं सगळ्या घरांना रुचत नाही. एका वडिलांना मी बाजारातच घेऊन गेले. मुलगी गिऱ्हाइकाशी कशी बोलते ते त्यांनी लांबून पाहिलं आणि पुढच्या शुक्रवारी माल पोचवायला तेच आले.

पणजीहून

मला एक गोष्ट सलते. आम्ही ज्या संस्थेतर्फे काम केलं, तिचा उपक्रम सादरीकरणाच्या दिवशी संपला. ढाल, फोटो, प्रमाणपत्रं, झालं. कापडी पिशव्या शिवणाऱ्या ताई मात्र पुढच्या ऑर्डरीची वाट पाहत होत्या, आणि मुलं बारावीच्या अभ्यासाला लागली होती. त्यात मुलांचा दोष नाही. ज्या बायांच्या कामावर आपण मुलांना शिकवतो, त्यांच्याशी निदान पुढच्या हंगामापर्यंत बांधील राहायला हवं. आम्ही तिघे स्वयंसेवक मग दुकानदारांकडे फिरलो आणि दोन दुकानांनी नेमाने पिशव्या घ्यायचं कबूल केलं. दुकानदाराशी ताईंची थेट ओळख करून दिली, आता मध्ये आम्ही नसतो.

काणकोणहून

वर पणजीहून लिहिलं आहे त्याच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे खोला गावच्या मिरचीचं काम आहे. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची, तिला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावाखाली दुसरीच मिरची खपते, म्हणून मुलं प्रत्येक पाकिटावर पिकवणाऱ्या वाड्याचं नाव घालतात. पूर्वी या उपक्रमात शिकलेली दोन मुलं आता स्वयंसेवक म्हणून येतात, तीच नव्या मुलांना मळ्यात नेतात. हिशेब शिकवायला मात्र कोणी नाही. बँकेत किंवा सोसायटीत काम केलेलं कोणी काणकोण, केपे भागात असेल तर कळवा. रविवारी सकाळी दोन तास मिळाले तरी चालतील, आणि कोकणी येत असेल तर उत्तमच, कारण मुलांबरोबर शेतकरी बायाही वही घेऊन बसतात.